टोचून आणलेला लोड्या

लोकांच्या सोफ्यातून काय काय निघतं हे सांगितलं तर तुम्ही जेवायचे नाही. कापलेली नखं, केसांचे पुंजके, चघळून ठेवलेलं बिस्किट, वाळलेली पाल, एकदा तर कवळी. ज्या बाईंची कवळी होती त्यांनी ती हसत हसत पर्समध्ये टाकून नेली. माझे सासरे त्या दिवशी जेवले नाहीत.

सोफे उसवायचे, आतली घाण उपसायची, नवा फोम भरायचा, नवं कापड चढवायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. त्याच दुकानात मी मशीनवर कव्हरं शिवते. वरून चकाचक दिसणारी माणसं आतून काय असतात हे बाबांनी इतकं पाहिलंय की कोणाच्या घरी गेले तरी ते बसत नाहीत. "गुडघा धरलाय, बसलं की उठवत नाही," म्हणतात. गुडघा ठणठणीत आहे. गल्लीत त्यांना नाकवाले म्हणतात, कारण काहीही बोलायच्या आधी त्यांचं नाक वर जातं.

माझा नवरा त्यांचाच मुलगा. नाक हुबेहूब घेतलं, कष्ट तेवढे घ्यायचे राहिले. तो गिऱ्हाइकांना कापडाचे नमुने दाखवायला फिरतो. म्हणजे फिरतो.

कुत्र्याचं पिल्लू त्यानेच आणलं. आठवडाभर फोटो काढले, मग हौस फिटली. खायला घालायचं मी, फिरवायचं मी, घाण उचलायची मी. साहेबांकडे एकच काम ठेवलं होतं, वर्षातून एकदा लस टोचून आणायचं. दुकानात तो कुत्रा कापडांच्या गठ्ठ्यांमध्ये आडवा पडून राहायचा, म्हणून बाबा म्हणाले, "हा कुत्रा नाही, लोड आहे." तेव्हापासून तो लोड्या. बाबांनी त्याला कधी हात लावला नाही. वाटेत आला की मोजायच्या पट्टीने ढोसायचे आणि म्हणायचे, "सरक रे, लाळेच्या पिंपा." तोही मुकाट सरकायचा.

त्या दिवशी सकाळी नवरा लोड्याला टोचून घेऊन आला. गेला कधी आणि आला कधी, इतक्या लवकर. साखळी माझ्या हातात दिली, "झालं बाई वर्षभराचं," म्हणाला आणि सटकला.

लोड्या टेबलाखाली जाऊन पडला. पावाचा तुकडा दाखवला, तर हुंगलाही नाही. मी म्हटलं, सुई टोचलीय, मरगळ येणारच, आपल्यालाही येते. पडू दे. मग थोड्या वेळाने तो उठला, मान खाली घातली आणि मी नुकत्याच कापलेल्या कापडावर भडाभडा ओकला.

"सोल्युशन," बाबा पलीकडून म्हणाले. "डबा उघडा राहिला असेल."

आता आमच्या दुकानाची ही एक खोड आहे. फोम चिकटवायच्या त्या सोल्युशनचा वास फार उग्र. त्यामुळे डोकं दुखलं, सोल्युशन. पोट बिघडलं, सोल्युशन. माझं आणि नवऱ्याचं वाजलं तरी बाबा आधी डब्याचं झाकण बघतात. तसंच आताही झालं. मी झाकण घट्ट लावलं, पंखा वाढवला आणि लोड्याला ओढत ओढत बाहेर पायरीवर हवेशीर आणून बसवलं. सुईचं माझ्या डोक्यातूनच गेलं.

पायरीवर लगेच चार टाळकी जमली. शेजारचा किल्लीवाला म्हणाला, "अंग मोडून आलेलं दिसतंय, आपली डोकेदुखीची गोळी द्या की अर्धी. माणसाला चालते ती जनावराला चालणारच." एकाने मोबाईल काढला आणि ओकणाऱ्या कुत्र्याचं शूटिंग सुरू केलं. कसली माणसं ही. पाणी आणा म्हटलं तर एक हलला नाही, सल्ले मात्र फुकट. मी किल्लीवाल्याला म्हटलं, "गोळी तुम्हीच घ्या, आणि पाठीचा कणा येतो का बघा." तो गोळी खिशात घालून तिथेच उभा राहिला.

नवऱ्याला फोन लावला. "नाटकं असतात गं त्याची," तो म्हणाला. "दुकानातला वास असेल." मागे चहाच्या कपांचा आवाज येत होता. मीच फोन ठेवला.

लोड्या पुन्हा ओकला. नुसता पिवळा फेस. मग तोंड फरशीवर घासायला लागला, पुढच्या पायांनी डोळे ओरबाडायला लागला. बाबा हातोडी ठेवून दारात आले.

"उघड्या हवेत बसून ओकतोय," ते म्हणाले. "मग हे सोल्युशन कसलं?"

आणि ज्या माणसाने त्या कुत्र्याला कधी बोट लावलं नव्हतं, तो पायरीवर खाली बसला आणि त्याच्या पाठीवरून तळवा फिरवायला लागला. फोम बसवल्यावर कुठे गोळा राहिलाय का हे बघतात ना, तसाच.

"गाठी आल्यात," म्हणाले. "जागोजागी. आणि हे ओठ बघ. डोळे बघ. हा सुजत चाललाय. टोचून किती वेळ झाला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सकाळची सुई. लोड्या आता घशातून घर्रघर्र आवाज काढत होता. श्वास आत जायला त्याला जोर लावावा लागत होता.

बाबांनी त्याला छातीशी उचललं. उचलताच त्याला मागून जुलाब झाला, सगळा बाबांच्या शर्टावर आणि हातावरून कोपरापर्यंत. जमलेली टाळकी "ईऽऽ" करून चार पावलं मागे गेली. किल्लीवाल्याने नाकाला रुमाल लावला. बाबांनी शर्टाकडे बघितलंही नाही.

दारात टेंपो उभा होता. त्यात एका बाईंचा नवाकोरा सायीच्या रंगाचा सोफा चढवलेला, पोचवायला निघालेला. उतरवायला वेळ कुठला. बाबा लोड्याला घेऊन थेट त्या सोफ्यावर बसले.

"अहो काका, गिऱ्हाइकाचा माल आहे," टेंपोवाला ओरडला.

"माल मी बनवलाय, पुन्हा बनवीन. तू दवाखान्याकडे घे."

वाटभर लोड्या त्या सोफ्यावर ओकत होता आणि बाबा त्याचं डोकं वर धरून, घसा मोकळा राहील असं बसले होते. "घे श्वास. घे. अजून एक घे," एवढंच बोलत होते. मी बाजूला बसून त्याच्या तोंडाखाली चिंधी धरली होती.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं मात्र, बाकी सगळे सोडून लोड्याला टेबलावर घेतलं. एक सुई दिली, मग दुसरी, पायाला सलाईन लावली. हाताखालच्या माणसाने तोंडाशी प्राणवायूची नळी धरली. काम करता करताच बाईंनी आमच्याकडे बघून विचारलं, "सकाळी मागच्या वेळचा त्रास का नाही सांगितलात?"

"कसला त्रास?" मी म्हटलं.

मग बाईंनीच सांगितलं, गेल्या वर्षीही टोचल्यावर लोड्याचे ओठ सुजले होते, तिथेच, त्यांच्यासमोर. थोडक्यात निभावलं होतं. पुढच्या वेळी आधी सांगा, आधी औषध देऊ, आणि टोचल्यावर अर्धा तास इथेच बसा, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला बजावून सांगितलं होतं. आज सकाळी त्या नव्हत्या. त्यांच्या माणसाने विचारलं, मागे काही झालं होतं का, तर साहेब म्हणाले, काही नाही.

आम्हाला बाहेर बसवलं. बाबा त्याच शर्टात बाकावर बसले. आत काय होईल ते बाई सांगत नव्हत्या, आणि दारापलीकडून घर्रघर्र ऐकू येत होती, कधी येत नव्हती. येत नव्हती तेव्हा बाबा उठून उभे राहायचे.

मग नवरा आला, दुकानापाशी कोणीतरी सांगितलं म्हणे. बापाला बघून आधी चार हात लांब उभा राहिला.

"त्रास झाला होता हे का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"अगं, सांगितलं असतं तर पहिल्यांदा औषध, मग टोचणार, मग अर्धा तास बसवणार. इथे बसवतं का? कोणाची तरी मांजर मुतली होती बाकापाशी. कुत्र्यांचा वास, औषधांचा वास. मळमळायला लागलं मला." आणि मग, मी कपाळाला हात लावलेला बघून, तो बापाकडे वळला. हसत. आपल्या बाजूचं माणूस सापडल्यासारखं. "बाबा, तुम्हीच सांगा हिला. तुम्ही बसला असता का इथे?"

मला वाटलं बाबा आता त्याच्या थोबाडीत देतील. त्यांनी दिली नाही.

"नसतो बसलो," ते म्हणाले. "तुझ्याएवढा होतो तेव्हाही नसतो बसलो. तू माझंच बघून शिकलास." मग दोन्ही बरबटलेले हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले. "आयुष्यभर लोकांच्या सोफ्यातली घाण काढली मी. पण आज तुझं ऐकून आली, इतकी किळस मला कशाचीच आली नव्हती."

नवरा काहीतरी बोलायला गेला. "गप बस," मी म्हटलं. आत आता घर्रघर्र येत नव्हती आणि आम्ही तिघेही ते ऐकत होतो.

दार उघडलं. "सूज उतरतेय," बाई म्हणाल्या. "श्वास मोकळा झालाय. संध्याकाळपर्यंत इथे राहू दे, नंतरही नीट लक्ष ठेवावं लागेल, सूज परत येऊ शकते. कुत्रा कोणाचा आहे? सूचना त्यांनाच देते, म्हणजे यावेळी लक्षात राहतील."

"माझा," नवरा पुढे होत म्हणाला.

"होता," बाबा म्हणाले, आणि उठून आत गेले.