लायसन्स लागत नाही, नियम लागतात

हवेवर माझ्या मावशीच्या यजमानांइतका संशय घेणारा माणूस अख्ख्या दिल्लीत सापडणार नाही. दिल्लीच्या हवेवर तसा सगळ्यांचाच संशय असतो, पण तो धुरामुळे. काकांचा संशय त्या हवेतून ये-जा करणाऱ्या रेडिओलहरींवर. या लहरींवर पहारा ठेवणाऱ्या सरकारी खात्यातून ते रिटायर झाले, नजर मात्र ड्यूटीवरच राहिली. नोएडात नोकरी लागल्यावर मी द्वारकेला त्यांच्याकडे राहायला गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या बॅगेतून आधी ब्लूटूथ स्पीकर काढला आणि उलटा धरून, भिंग लावून त्याच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचली. "कमी ताकदीचा आहे, ठरलेल्या पट्ट्यातच आहे. याला लायसन्स लागत नाही," ते जरा नाराजीनेच म्हणाले. "पण लायसन्स लागत नाही म्हणजे नियम लागत नाहीत असं समजू नकोस. अशा यंत्राने दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्याचा झाला तर तक्रार करायची नाही."

"लग्न झालं तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं," मावशी आतून म्हणाली.

शेजाऱ्यांची बिनतारी बेल, गाडीची रिमोटची चावी, पोरांची खेळण्यातली मोटार, सगळे काकांच्या लेखी जामिनावर सुटलेले आरोपी. मंडळाच्या गणपतीत तर आरती रंगात आलेली असताना त्यांनी गाणाऱ्या बाईंच्या हातातला कॉर्डलेस माइक काढून घेतला, तळाचा शिक्का तपासला आणि "हं, चालू द्या" म्हणून परत दिला. बाईंनी पुढची दोन कडवी त्यांच्याकडे बघतच म्हटली.

मग आमच्या विंगमधले मोबाइल मधूनमधून मुके होऊ लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या छातीत दुखलं, तेव्हा त्यांच्या मुलाला अँब्युलन्स बोलवायला खाली फाटकापर्यंत पळावं लागलं. ते वाचले, पण सोसायटीचा सेक्रेटरी पोलिसांची भाषा बोलू लागला. "कोई जॅमर लगाके बैठा है!" काकांचा चेहरा उजळला. जुना रिसीव्हर गळ्यात अडकवून, पतंगाच्या सांगाड्यासारखी अँटेना हातात घेऊन ते जिना चढू लागले. मागून मी. प्रत्येक दारापाशी थांबून ते माझ्याकडे अर्थपूर्ण बघत. चौथ्या मजल्यावरच्या कोचिंग क्लासवाल्यावर त्यांचा फार दिवसांचा डोळा होता, पण तिथे रिसीव्हर गप्प. पाचव्या मजल्यावर मात्र तो एका दारासमोर किंचाळू लागला.

दार एका पंजाबी आंटींनी उघडलं. ओट्यावर एक पांढरा डबा घरघरत होता. अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेला, तान्ह्या बाळाची चाहूल घेण्याचा. त्याचा जोडीदार आतल्या खोलीत, अंथरुणाला खिळलेल्या अंकलच्या उशाशी.

"अमेरिकेत चालतं हे. आपल्याकडे हाच पट्टा मोबाइलचा आहे," काका मला म्हणाले आणि आंटींकडे वळले. "भाभीजी, ये बंद करना पड़ेगा."

"बंद कर दूँ तो इनकी साँस कैसे सुनूँ, भाईसाहब? रोटी तो बनानी है ना."

डब्यातून अंकलचा श्वास ऐकू येत होता, ओढलेला, मध्येच अडकणारा. बराच वेळ काका तो ऐकत उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच बटण बंद केलं आणि मला म्हणाले, "मावशीला वर बोलाव. अंकलपाशी बसू दे."

जुन्या दिल्लीच्या बाजारातून ते तारेचा इंटरकॉम घेऊन आले. इलेक्ट्रिशियनवर भरवसा नव्हताच, तेव्हा स्टुलावर चढून स्वतःच क्लिपा ठोकल्या. पलंगापाशी पुटपुटलेलंही ओट्यापाशी स्वच्छ ऐकू येईपर्यंत त्यांनी आंटींना पोळी लाटू दिली नाही. सेक्रेटरीने "कौन था?" विचारलं, तर म्हणाले, "मामला खत्म. नाम नहीं बताऊँगा." त्यानंतर ते तार तपासायला म्हणून रोज वर जात आणि अंकलना पेपर वाचून दाखवत.

पुढच्या थंडीत अंकल गेले. काही दिवसांनी काका स्क्रूड्रायव्हर घेऊन तार काढायला गेले. आंटी म्हणाल्या, "रहने दीजिए." काकांनी तार राहू दिली. तिचं ओट्यापाशी असलेलं टोक मात्र त्यांनी डक्टमधून खाली आमच्या घरात आणलं.

आता संध्याकाळी त्या इंटरकॉमची बेल वाजते. त्या तारेवर आंटींशिवाय दुसरं कुणी असणं शक्यच नाही. तरी काका रिसीव्हर उचलून आधी दरडावतात, "कौन?" आणि उत्तर येईपर्यंत खाली बसत नाहीत.