चार वाजता बंद पडणारं गाणं

एखाद्या गोष्टीवर समोरच्या नानांचं मत नाही, असा दिवस जळगावात उगवलेला मी तरी पाहिला नाही. केळीचा भाव, दीपनगरच्या वीज केंद्राचा धूर, माझ्या आमटीतली चिंच हे तर झालंच. पण ज्या खेळाचे नियमही ठाऊक नाहीत त्याबद्दल तर मत जास्तच पक्कं. टेनिसमध्ये म्हणे मधे जाळी लावतात तीच चूक. "भांडणात कुणी मधे आलं की मजा जाते, अक्का." क्रिकेटचा सामना असला की ते माझ्या ओट्यावर टीव्हीकडे पाठ करून बसायचे. आपण पाहिलं की आपला गडी बाद होतो, अशी त्यांची खात्री. मग मी आतून धावा सांगायच्या आणि त्यांनी भिंतीकडे बघत कप्तानाला शिव्या द्यायच्या. एकदा मी गंमत म्हणून चार गडी जास्तीचे बाद केले. नाना अर्धा चहा टाकून घरी जाऊन झोपले. संध्याकाळी आपण जिंकल्याचं कळलं तर म्हणतात, "पाहिलं? मी उठून गेलो म्हणून!"

या माणसाशी माझी ओळख धुळ्याच्या कॉलेजातली. ते कबड्डीत, मी खो-खोत. तेव्हा मी स्वतःला काय समजायचे ते विचारू नका. दोन वेण्या वर बांधून रस्त्यानं निघाले की वळणावरचा विजेचा खांब हातानं धरूनच वळायची. बघणाऱ्यांना वाटायचं पोरीला चक्कर येते. मला वाटायचं धुळं माझ्यावर फिदा आहे. जळगावच्या सामन्यांना गर्दी व्हायची तीही माझ्यासाठीच, असा माझा समज होता. गर्दी खरं तर सामन्यानंतरच्या भरितासाठी असायची. त्या काळी आम्हा खेळाडूंना कॉलेज द्यायचं एसटीचं भाडं आणि जळगावला सामना असला तर संपल्यावर असोद्याच्या मळ्यात भरीत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, हाच आमचा पगार.

अंतिम सामन्याच्या दिवशी पाहुणा संघ उशिरा आला आणि भरीत आधीच तयार झालं. मळेवाले म्हणाले, "गरम शे तवर खाई ल्या." मी सात पुऱ्या खाल्ल्या. मग मैदानात उतरले आणि मिनिटभर पळून खांबाला जी मिठी मारली ती गडी बाद करायला आलेल्या मुलीनंच सोडवली. आम्ही हरलो. मी जाहीर केलं की माझा पाय मुरगळला. खरं वाटावं म्हणून महिनाभर लंगडले. मधे कधीतरी डाव्याऐवजी उजवा पाय लंगडायला लागला, ते एकट्या नानांच्या लक्षात आलं.

पुढं लग्न, संसार, जळगाव. वीस वर्षांपूर्वी समोरचं घर विकलं गेलं आणि सामानाच्या टेम्पोतून हे गृहस्थ उतरले. माझ्याकडे बघून पहिलं वाक्य काय? "पाय कसा आहे? कोणता ते तुम्हीच सांगा!" त्यानंतर "चहा टाका, नाहीतर तुमच्या नातीला पुऱ्यांचं सांगतो" ही रोजची धमकी. माझ्या घरात मुरगळलेल्या पायाच्या गोष्टीला मान होता, म्हणून मी मुकाट चहा टाकायची. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना आता पैसे देतात, हे त्यांनी मोबाईलवर वाचलं त्या दिवशी तर चपला उलट्या घालून आले. "द्यायलाच पाहिजेत! घाम पोरांचा आणि तिकिटं विकणारे दुसरेच. एकूण एक, बठ्ठा चोर शेतस!" मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पण सामना झाल्यावर. पगार आधी दिला की काय होतं, ते आम्ही पाहिलंय."

गाण्यांचंही तसंच. मोबाईलवरच्या गाण्यांमधे साबण विकतात म्हणून ते संतापायचे. दिवाळीत नात आली, तिनं आपलं पैसे भरलेलं, बिनजाहिरातीचं गाण्यांचं खातं माझ्या फोनवर टाकलं आणि नानांची दया येऊन त्यांच्याही फोनवर. पण ते खातं एकाच माणसापुरतं. त्यांनी तिकडं गाणं लावलं की माझं इकडं बंद. मग गल्ली ओलांडून आरोळ्या सुरू. "अक्का, माझी ठुमरी तोडली!" "नाना, तुम्ही माझा विठ्ठल तोडलात त्याचं काय?" शेवटी तह झाला. चार ते पाच नानांचे. सुरू केलेलं गाणं ते शेवटापर्यंत ऐकत. मधेच पुढं ढकलणं म्हणजे गाणाऱ्याच्या समोरून उठून जाणं.

नानांची बायको, आमच्या वहिनी, गेल्या आणि यंदा मुलगा नानांना बंगळूरला घेऊन गेला. समोर कुलूप आहे. आमचे हे नाहीत, त्या संघातल्या मुलीही एकेक करून गेल्या. मी कधी काळी पळत होते हे डोळ्यांनी पाहिलेला तो शेवटचा माणूस. फोनवर त्यांना बोलता येत नाही. मत मांडायला समोर तोंड लागतं. पण रोज चार वाजता माझं भजन मधेच थांबायचं आणि मला कळायचं, नाना उठले, चहा झाला.

गेल्या मंगळवारी सव्वाचार झाले तरी भजन चालूच. त्याला इतकी कडवी आहेत हे मला पहिल्यांदाच कळलं. संपल्याबरोबर मी नानांना फोन लावला.

"नाना, बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? सूनबाईनं मला वेगळं खातं घेऊन दिलं. म्हटलं अक्कांना त्रास नको. आता पूर्ण ऐका भजन."

"ऐकलं पूर्ण. काही खास नाही."

पलीकडं चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पाय कसा आहे?"

"कोणता?"

"तेच विचारतोय."

बुधवारी मी पावणेचारलाच भजन लावून ओट्यावर बसले. चारला, ऐन तिसऱ्या कडव्यात, ते तुटलं. समोरच्या कुलपाकडे बघून मी जोरात ओरडले, "तोडलंत ना!" गल्लीत कुणी नव्हतं. तिकडं नाना नवं खातं सोडून आमच्याच खात्यावर गाणं शेवटापर्यंत ऐकत असणार, म्हणून मीही फोनला हात न लावता बसून राहिले.