गंजाच्या तळाचं वरण

माझी सून शाळेत मुलांना खोल विचार करायला शिकवते. घरी तिची पळी मात्र खोल जात नाही. वरणाच्या उभ्या भांड्याला आमच्याकडे गंज म्हणतात. मला वाढताना पळी त्या गंजात दोन बोटं बुडते आणि वर येते. वाटीत पिवळं पाणी, त्यात एखादा जिऱ्याचा दाणा पोहायला सोडलेला. मग तीच पळी खाली जाते, तळ खरवडल्याचा आवाज येतो आणि माझ्या मुलाच्या ताटात घट्ट तूर पडते.

माझी वाटी सासूबाईंच्या माहेरची. आतून, तळाशी त्यांचं नाव कोरलंय. भरल्या वरणातून ते नाव मला चष्म्याशिवाय वाचता येई.

दिवाळीआधी मेथी निवडायला पाटावर बसले आणि उठताच येईना. मुलानं काखेत हात घालून सोयाबीनचं पोतं उचलावं तशी उचलली. त्याच संध्याकाळी दोघं बैठकीत मोबाइलवर भोकाची खुर्ची बघत बसले.

"खाटीजवळच ठेवू," सून म्हणाली. "म्हणजे आईले उठाचं कामच नाही."

टीव्ही चालू, शेजारीण बसलेली, आणि चर्चा माझ्या लघवीची! मी म्हटलं, "खुर्ची आणाल तर पहिल्यांदा पाव्हण्याले बसवीन तिच्यावर."

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याच्याच एका डॉक्टरणीकडे नेलं. नातीच्या वयाची पोर. म्हणाली, "आजी, हात न टेकता खुर्चीवरून उठा बरं." नाही उठता आलं. तिनं माझी पोटरी चाचपली आणि विचारलं, "जेवता काय?"

"हलकं," सुनेनं परस्पर सांगितलं, अभिमानानं.

"हलकं खाऊन पायातलं मांस गेलंय यांच्या," पोर फाडकन म्हणाली. "तपासण्या चांगल्या आहेत. दोन्ही वेळा घट्ट वरण, उसळ, दूध-दही द्या. प्रथिनं पोटात गेली, रोज थोडं उठ-बस केली, तर ताकद येईल."

घरी आल्यावर डॉक्टरणीचा कागद फ्रिजवर चिकटला. पळी होती तिथंच राहिली. "आई, पचते का तुम्हाले?" हे रोजचं पालुपद.

सुनेवर मनसोक्त चिडता आलं असतं. पण मध्येच ती दुसरी उभी राहते. आमच्या जानेफळच्या जुन्या घरातली, कमरेला किल्ल्या लावून मिरवणारी, चोविशीची महाशहाणी. म्हणजे मी. सासूबाईंच्या वाटीत वरचं पाणी ओतून वर त्यात गरम पाण्याची धार धरायची ती. आणि विहिरीवर बायकांना सांगायची, म्हातारीचं पोट मी किती जपते! बायकाही माना डोलवायच्या. गाढवाला गाढवांचीच दाद.

एकदा सासूबाई म्हणाल्या, "पोरी, पळी खाली घाल न वं थोडी."

"आत्याबाई, पचते का तुम्हाले?"

पुढं त्यांच्या पदराच्या गाठीत फुटाणे सापडले. महाशहाणीनं ती गाठ चार बायांसमोर सोडून दाखवली. "पाहा, जीभ कशी सुटली म्हातारीची!" सगळ्या हसल्या. सासूबाई फुटाणे वेचायला खाली वाकल्या आणि भिंतीला धरून धरून उठल्या. त्या उन्हाळ्यात त्यांनी खाट धरली. उठल्या नाहीत. वय झालं, असं सगळे म्हणाले, मी सगळ्यात मोठ्यानं. आज ती चोविशीची बया हाती लागली तर तिला तिच्याच वरणात बुडवीन. बुडायचीही नाही मेली, इतकं पातळ.

मग एका दुपारी पाटावर बसल्याबसल्या मी गंज स्वतःकडे ओढला, पळी तळापर्यंत घातली आणि वाटी भरली.

सुनेचे डोळे मोठे झाले. "आई, काऊन असं करता? पोट बिघडलं तर मले उठवू नका मग!"

"नाही उठवत. माझी मी उठीन."

"माय, कोणी उपाशी ठेवलं का तुले?" मुलगा घास थांबवून म्हणाला.

"तू गप जेव. आजपर्यंत माझ्या वाट्याचंही तूच खाल्लं."

वाटी मी चाटूनपुसून संपवली. पोटही बिघडलं नाही. बिघडलं असतं तरी मी सांगितलं नसतं. तेव्हापासून गंज माझ्या पाटापाशी असतो आणि मुलाला मी वाढते. वरचं. "माय, हे पाणी हाय," तो कुरकुरतो. सून भांडी आपटते. दुपारी मी खुर्चीवरून दहा वेळा उठते-बसते, तेव्हा ती दारातून पाहते, पडायची वाट बघत.

पुढच्या पोळ्याच्या आत पाटावरून माझी मी उठले. एक हात भिंतीला होता, तो मोजायचा तर मोजा. सुनेनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. भोकाची खुर्ची अजून आलेली नाही.

वाटीतलं नाव आता दिसत नाही. वरण संपलं की दिसतं. तेव्हा मी वाटी पालथी घालते.