हलली तर शेड तुझी

लग्न होऊन अंबरनाथ पश्चिमेला आले तेव्हा मला दोन गोष्टींचा भारी गर्व होता: भौतिकशास्त्रातली पदवी आणि लांब शेपटा. शेपटा बिचारा निरुपद्रवी होता.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. घराला लागून पत्र्याची शेड होती आणि तिच्यात मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, जुनी विलायती मोटार. कुणा साहेबाने देश सोडताना त्यांना दिलेली. चालत नव्हती, पण रोज पुसली जायची. मला ती शेड शिवणक्लाससाठी हवी होती. आमच्या खोलीत पलंग नि शिवणयंत्र इतकं खेटून होतं, की आमचे हे कुशीवर वळले की पायडल हलायचं.

माझी भुणभुण ऐकून मामंजी एकदा म्हणाले, "दसऱ्याला गाडी स्वतःच्या चाकांवर शेडबाहेर आली, तर शेड तुझी. नाही आली, तर विषय कायमचा बंद."

इतक्या निवांतपणे का म्हणाले, ते गाडी ढकलून पाहिल्यावर कळलं. तसूभर हलेना. ह्यांनी पेपरातून डोकं न काढता निदान केलं, "हॅन्डब्रेक ओढून पावसाळे काढलेत तिने. आतले ब्रेक ड्रमला गंजून चिकटलेत. आता दांडा खाली केला तरी ते सोडायचे नाहीत."

"म्हणजे एकात एक अडकलेली पातेलीच की," सासूबाई म्हणाल्या. त्या माझ्या पार्टीत होत्या. ब्लाउज शिवायला शिकायचा त्यांचा बेत मामंजींना ठाऊक नव्हता.

मग ह्यांना पेपरासकट उठवून जॅक लावायला लावला. हॅन्डब्रेक मागच्याच चाकांना, म्हणून ती दोन उतरली. आत काळेकुट्ट लोखंडी ड्रम. सासूबाईंनी त्यांवर कढत पाणी ओतलं आणि मी खलबत्त्यातला बत्ता घेऊन कडेकडेने ठोकत बसले. पाणी, ठोक, पुन्हा पाणी. शेजारची सिंधी भाभी कुंपणावरून म्हणाली, "अरी, गाडी ठीक कर रही है या चटनी पीस रही है?"

दुपारी खट्‌ झालं नि ड्रम फिरला. थोड्या वेळाने दुसराही सुटला. दोघी सासू-सुना चिखलात नाचलो.

इथेच थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण पदवी स्वस्थ बसू देईना. पुन्हा चिकटले तर? घर्षण कमी करायला वंगण! ड्रमला एक भोक होतं. हे आंघोळीला गेल्याचं पाहून मी त्यातून खोबरेल ओतलं. पुढच्या चाकांना काही झालं नव्हतं, पण पंक्तिप्रपंच नको म्हणून त्यांच्याही ड्रममध्ये सढळ हाताने वाढलं.

"अगं, ब्रेकला कुणी तेल घालतं?" सासूबाई कुजबुजल्या.

"आई, हे विज्ञान आहे."

ब्रेक घर्षणावरच चालतो, हे बहुधा त्याच धड्यात पुढच्या पानावर होतं. मी पान उलटलं नव्हतं.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. मामंजी कडक इस्त्रीचा सदरा घालून स्टिअरिंगवर बसले. मागून ढकलायला मी, सासूबाई, भाभी आणि क्लासला येऊ म्हणणाऱ्या चार बायका. एक रेटा दिला. लिंबं चिरडली. गाडी शेडबाहेर आली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

गाडी मात्र थांबेना. समोर गल्लीचा उतार.

"अहो, ब्रेक दाबा!" सासूबाई ओरडल्या.

"दाबतोच आहे!" आतून आवाज आला, मग नुसताच हॉर्न. नवऱ्याला नावाने हाक मारायची नाही म्हणून सासूबाई "अहो, अहो" करत मागे धावत होत्या आणि गल्लीतला प्रत्येक नवरा दारात येऊन "काय गं?" विचारत होता. शेवटी कुणाच्या तरी बांधकामाच्या रेतीच्या ढिगात गाडीने नाक खुपसलं.

मी धापा टाकत पोचले. शेड गेली, आता माहेरी पाठवणी, असं धरूनच चालले होते. मामंजी खाली उतरले. सदऱ्यावरची रेती झटकली, खोबरेलाचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, आपलं बोलणं गाडी हलण्याचं झालं होतं. थांबण्याचं नव्हतं. शेड तुझी."

आणि सासूबाईंकडे वळून म्हणाले, "तुलाही ब्लाउज शिवायला शिकायचंय ना? मग तूही पुन्हा ढकल. रेतीतून बाहेर काढायचीय."