बरडावरची शिट्टी

डोणगावच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी आमचं एक वावर आहे. जमीन हलकी, मुरमाड. आमच्याकडे अशा जमिनीला बरड म्हणतात, आणि घरात त्या वावराचं नावही बरडच पडलं आहे. माझ्या जन्माआधीपासून बाबा त्यातले दगड वेचत आले. शाळेच्या सुट्ट्यांत मीही वेचले. त्या दगडांचा रचलेला धुरा, म्हणजे बांध, आता माझ्या कमरेपर्यंत येतो. खालचं काळं वावर आम्हाला वारशात मिळालं, पण बरड बाबांनी स्वतःच्या हातांनी शेतीलायक केलं. म्हणून त्यांचा जीव बरडात जास्त.

त्या वर्षी जूनमध्ये त्यांचा फोन आला. बाबा फोनवर कधी काही मागत नाहीत. मुलगा पदवीधर झाला, दुसऱ्या तालुक्यात शाळेवर मास्तर आहे, एवढ्यावर त्यांचं समाधान. त्या दिवशी मात्र त्यांनी सरळ विचारलं, "तुहं धनुष्य घरीच हाय ना?"

"हाय ना. माळ्यावर असंन. काऊन?"

"दोन रोज येऊन जातं काय? बरडातलं सोयाबीन उगवलं हाय. हरनं ठेवत नाईत."

मग थोडं थांबून म्हणाले, "हे तिसरं वर्ष हाय. औंदा गेलं त मी बरड सोडून देतो. आता नाई होत माह्यानं."

बरड सोडून देणार, असं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. आमच्या भागातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे सुट्टी होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी गावी आलो.

धनुष्याचं सांगायला हवं. मी तालुक्याच्या शाळेत शिकत असताना आमच्या व्यायामाच्या सरांनी बांबूची धनुष्यं आणून आम्हा सात-आठ पोरांना धनुर्विद्या शिकवली. बूट नसलेल्या पोरांनाही खेळता येईल असा खेळ त्यांनी निवडला होता, हे मला फार उशिरा समजलं. मी जिल्ह्याला खेळलो, विभागाला खेळलो. बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले आणि त्यांच्या बळावर कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या घरात त्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. आज मी जो काही आहे तो त्या बांबूमुळे आणि त्या सरांमुळे, असं मी वर्गात पोरांना नेहमी सांगतो. निवृत्त होताना सरांनी ते धनुष्य माझ्या हाती दिलं आणि म्हणाले, "शाळेची वस्तू आहे, सांभाळ."

मी काही सांभाळलं नव्हतं. किती उन्हाळे ते पत्र्याखालच्या माळ्यावर तापत पडलं होतं. खाली काढलं तर बांबू खडखडीत वाळलेला, एका ठिकाणी बारीक चीर गेलेली. बाण तीनच उरले होते. बाबांनी खोबरेल तेल आणून बांबूला चोळलं, माझ्यासाठी नवी दोरी वळली, आणि एका बाणाचं टोक विळ्याच्या सहाणेवर घासायला बसले.

माय चुलीपासूनच बोलली, "सीतामाईनंबी हरनच मांगतलं होतं. मंग काय झालं ते माईत हाय ना बापलेकाले?"

"मी काय सोन्याचं मांगून राह्यलो?" बाबा म्हणाले. "साधंच हाय."

"साधं असो नाई त सोन्याचं. पोराच्या नोकरीले काई झालं त?"

ती खरंच बोलत होती. हरणाला इजा करणं गुन्हा आहे. तो धडा मी स्वतः सातवीला शिकवतो. बाबांनाही ते माहीत होतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "मारू नको. एकाले फकस्त लागू दे. एकाले लागलं की कळप ते वावर सोडते." हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. लागणं आणि मरणं यांत बाणाच्या बाबतीत किती अंतर असतं, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "पाह्यतो."

संध्याकाळी बरडावर गेलो. मृगात पाऊस आला, पेरणी झाली, आणि त्यानंतर बारा-तेरा दिवस कोरडी उघाड. मे महिन्यासारखं ऊन. टेकडी पिवळी करडी, नाला कोरडा, आणि त्या सगळ्यात आमचं बरड तेवढं हिरवं, दोन-दोन पानांवर आलेलं. आकाशातून पाहिलं तरी दिसलं असतं. वावराभोवती बाबांनी जुनी लुगडी आणि साड्या बांधल्या होत्या. आमच्याकडे आता सगळेच बांधतात. वाऱ्याने कापड हललं की जनावर बिचकतं, असं म्हणतात. अर्ध्या गल्लीतल्या बायकांच्या साड्या तिथे होत्या. मायची वांग्याच्या रंगाचीही होती, जी नेसून ती माझ्या पदवीच्या कार्यक्रमाला आली होती.

"रोही साडीले भेते," बाबा नीलगाईंबद्दल म्हणाले. "हरन भेत नाई. ते उडी मारते."

एका कोपऱ्यात पाच-सहा तासांतलं, म्हणजे ओळींतलं, सोयाबीन खुडून गेलेलं होतं. नुसती माती. अंकुर खाल्ला की मागे काहीच उरत नाही, देठसुद्धा नाही. आदल्या वर्षी नुकसानीच्या पाहणीला आलेले साहेब असंच वावर बघून म्हणाले होते, "हे तर उगवलंच नाही, बी खराब असेल." बाबा आम्हाला ते वाक्य अजूनही ऐकवतात, आणि ऐकवताना साहेबांसारखं शुद्ध बोलतात.

रात्री बाबा बॅटरी घेऊन वावरातच झोपत, त्यामुळे रात्री हरणं येत नसत. दिवसभर ते हाकलत. फक्त दुपारी बारा-एकला तासभर भाकर खायला घरी येत. नेमका तो तास हरणांनी धरला होता. "माह्या भाकरीचा टाइम त्याईले माईत हाय," बाबा म्हणाले. म्हणून बेत असा ठरला: मी सकाळीच मायच्या साडीआड जाऊन बसायचं. बाबांनी रोजच्यासारखं बाराला, हरणांना दिसेल असं, घराकडे निघायचं. वळणावर गेलं की नाल्यातून परत येऊन धुऱ्यामागे पडून राहायचं. वारा दुपारी टेकडीकडून येतो, म्हणजे माझा वास खाली जाईल. तरी बाबांनी मला साबण लावू दिला नाही.

सकाळी धनुष्य घेऊन निघालो तर शेजारच्या वावरातले काका आडवे आले. बाबांच्याच वयाचे. त्यांनी स्वतः दोन वर्षांपूर्वीच टेकडीकडची पेर बंद केली होती.

"काय मास्तर, वनवासाले निघाले काय?"

"नाई काका, वावरात."

"आजकाल सारखंच हाय ते," काका म्हणाले आणि स्वतःच हसले. मग बाबांकडे पाहून, "कायले पोराले तापवून राह्यला बे? सोड म्हनतो ना मी. मी सोडलं त मेलो काय?"

बाबा तसेच पुढे चालू लागले.

मी आठला बसलो. नऊपर्यंत बरं होतं. दहाला साडीची सावली माझ्या पायाशी आली आणि अकराला ती नाहीशीच झाली. बाटलीतलं पाणी चहासारखं गरम झालं. दगडाला हात लावता येईना. घाम बोटांवरून दोरीवर उतरत होता आणि मी तो मातीत हात घासून पुसत होतो. एका जागी न हलता बसणं मला मैदानावर शिकवलेलं नव्हतं. तिथे छत्री असायची, पाण्याचा पिंप असायचा, सर असायचे. इथे मी होतो आणि पुढे दोन-दोन पानांचं सोयाबीन, तेही उन्हाने माना टाकलेलं. वाटलं, हरणांनी नाही खाल्लं तर ऊन खाणार आहे. पण ते बाबांना सांगण्यात अर्थ नव्हता. उन्हाशी ते भांडत नसत.

बाराला बाबा उठले, डोक्यावरचा दुपट्टा झटकला, मुद्दाम खाकरले आणि घराकडे चालू लागले.

पाऊण तासाने हरणं आली. आठ माद्या आणि एक काळवीट. टेकडी उतरून आली ती रांगेने, बाजाराला निघालेल्या माणसांसारखी. साडीजवळ थांबली, आणि एकेक करून त्यांनी उड्या मारल्या. पाय जमिनीला लागल्याचा आवाजही झाला नाही. लगेच माना खाली गेल्या. खुडल्याचा बारीक आवाज मला बसल्या जागी ऐकू येत होता.

सगळ्यात जवळची मादी तीस पावलांवर असेल. शाळेत मी याच अंतरावर सगळ्यात चांगला होतो. मी गुडघ्यावर आलो, बाण लावला, दोरी गालापर्यंत ओढली. वाळलेला बांबू करकरला. मादीने कान वळवला, पण मान वर केली नाही.

मी थांबलो. का थांबलो, याचं उत्तर मी अनेकदा शोधलं. नोकरीची भीती होती. मादीची कातडी उन्हात थरथरत होती, माशी बसल्यावर थरथरते तशी, तेही मला दिसत होतं. पण या दोन्ही गोष्टी मी नंतर जोडल्या असतील. त्या क्षणी एवढंच होतं की हात ताणलेला आणि बोटं सुटत नाहीत. दंड कापायला लागला. घाम डोळ्यात गेला. मनात म्हणत होतो, जा, तुम्हीच निघून जा.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

लांब, एकच, बैलांना हाक द्यायला बाबा दोन बोटं तोंडात घालून वाजवतात तशी. नऊच्या नऊ माना वर आल्या, आणि माझी बोटं आपोआप उघडली. सात वर्षं शिट्टीवर बाण सोडलेली बोटं ती. बाण गेला तेव्हा हरणं हवेत होती. तो कुणालाच लागला नाही. पलीकडच्या एका पिवळ्या साडीला भोक पाडून तो नाल्याकडे नाहीसा झाला. हरणं टेकडीच्या अर्ध्यावर जाऊन थांबली आणि वळून आमच्याकडे पाहू लागली.

बाबा धुऱ्यामागून उठून आले. चेहरा तापून काळा पडला होता, छातीला माती लागलेली.

"लागला?"

"नाई."

ते टेकडीकडे पाहत राहिले. मला राग आवरेना. "शिट्टी काऊन वाजवली तुमी?"

"तू थांबून राह्यला होता ना." त्यांना माझ्या रागाचं नवल वाटलेलं दिसलं. "मले वाटलं, शिट्टीची वाट पाहून राह्यला. एक शिट्टी वाजली की मंगच सोडतात ना तुमच्यात?"

हा नियम खरा आहे. मैदानावर एक शिट्टी झाली की बाण सोडायचे. पण मी घरी कधी तो सांगितला नव्हता.

"तुमाले कसं माईत?"

"आलतो ना एक खेप. जिल्ह्याले." ते खाली वाकून खुडलेल्या तासातली माती बोटांनी चाचपू लागले. "तारेच्या भाईर उभा होतो. आत याले पास लागते वाटलं. शिट्टी वाजली की तुमी समदे संगच सोडत होते, ते पाह्यलं."

इतकी वर्षं मी समजत होतो की बाबांना माझा खेळ पाहायला कधी वेळ झाला नाही. मनात त्याचा थोडा सलही होता. डोणगावहून बुलढाण्याला यायचं म्हणजे त्यांचा पूर्ण दिवस मोडला असणार. ते आले, तारेबाहेर उन्हात उभे राहिले, आणि बहुधा परतीची एसटी चुकू नये म्हणून मला न भेटता गेले.

"त्या दिवशी तरी लागला होता काय?" त्यांनी विचारलं. "लांबून दिसलं नाई."

त्या स्पर्धेत मी चौथा आलो होतो. चौथ्याला काही मिळत नाही.

"लागला होता," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले, आणि मान हलवली.

उरलेल्या दोन बाणांचं नाव कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा दुपारी घरी आले नाहीत, मायने भाकर वावरात पोचवली. हरणं टेकडीच्या दुसऱ्या अंगाने आली. बाबा इकडून हाकलत, ती तिकडून उतरत. मी दोन टोकांना धावून धावून दोन दिवस काढले, मग शाळा उघडणार म्हणून मला निघावं लागलं. पाऊस अजून आला नव्हता. आठवड्याने फोन केला तेव्हा माय म्हणाली, "तुहे बाबा साड्या सोडून राह्यले." तिने त्या सगळ्या धुतल्या, घड्या घातल्या आणि ज्यांच्या त्यांच्या घरी नेऊन दिल्या. पिवळी साडी मात्र रफू करून मगच दिली.

बरड पडीक राहिलं. दिवाळीत गेलो तेव्हा तिथे गुडघाभर कुसळी गवत होतं. भर दुपारी हरणं त्यात बसली होती. आम्ही धुऱ्यापाशी गेलो तरी उठली नाहीत. त्यांना हाकलायला आता काही कारण नव्हतं. बाबांनी सवयीने एक दगड उचलला, हातात जोखला आणि धुऱ्यावर नीट बसवून ठेवला.

घरी आल्यावर त्यांनी कोपऱ्यातून कापडात गुंडाळलेला बाण काढला. पोळ्यापर्यंत रोज थोडा थोडा नाला धुंडाळून त्यांनी तो शोधला होता. पिसं गेली होती, टोक गंजलेलं. गंज दिसू नये म्हणून त्यांनी ते पुन्हा सहाणेवर घासलं होतं.

"घे. शाळेची वस्तू हाय. जमा करून देजो."

त्या शाळेत आता धनुर्विद्या शिकवत नाहीत. सर निवृत्त झाल्यावर खेळाच्या खोलीतलं सामान भंगारात दिलं. जमा कुणाकडे करणार? बाबा उभेच होते, मी काय म्हणतो याची वाट पाहत. मी हो म्हणालो आणि बाण पिशवीत ठेवला. पिशवीबाहेर त्याचं टोक राहिलं, म्हणून माय म्हणाली, एसटीत कुणाला लागेल, आणि तिने त्याला चिंधी बांधून दिली.