बिनचमकीचं औषध

आमच्या घरात नेलपॉलिश नव्हती, पत्रकं होती. 'शृंगार म्हणजे साखळी' हे बाबांचं एक, 'विधवांना मानानं जगू द्या' हे दुसरं. छापून आली की घड्या आई घालायची. अशा घरातली मुलगी अमरावतीच्या फार्मसी कॉलेजात जाऊन काय करते? नेलपॉलिश. नखांतली बुरशी मारणारी, औषधी. पण शेवटी बाटली, ब्रश आणि चमक.

चमकीवर आमच्या सरांचा भारी जीव. माणसाच्या नखाऐवजी म्हशीच्या खुराच्या पातळ चकतीवर मी हे लॅकर, म्हणजे औषधी पॉलिश, लावायची, औषध किती झिरपतं ते मोजायची. सर चकती उजेडात धरून म्हणायचे, "वा! आरसा झाला!" म्हशीनं कधी तक्रार केली नाही.

तक्रार अकोल्यात, आमच्या घरी होती. खानावळीच्या ओल्या मोरीत वर्षानुवर्षं भांडी घासत उभं राहून आईच्या पायाच्या अंगठ्यांची नखं पिवळी, जाड झाली होती. चप्पल घातली की ठणकायची. डॉक्टरांनी असंच लॅकर वर्षभर लावायला दिलं होतं. चार महिने झाले, फरक शून्य. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. एका रविवारी मी घरी गेले, तर आई सुरीनं नखावरचं लॅकर खरवडत बसलेली.

"कावून खरवडून राहिली?"

"नळावर शेजारीण म्हणे, भाऊजी गेल्यावर रंग सुचला का वहिनी?"

"औषध आहे म्हणून सांगायचं ना!"

"सांगतलं. म्हणे, आमालेबी लिहून द्या असं औषध."

मी बाबांचं अख्खं पत्रक तिला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "घड्या म्याच घातल्या त्याच्या. पन पानी मले तिच्यासंगच भरा लागते."

मग मी क्रांतीला रजा दिली. अमरावतीत येऊन लॅकरमध्ये बारीक सिलिका मिसळली, चमक गेली. सर हळहळले. "कोणासाठी हे?"

"विधवांसाठी."

"तसं लिहू नका. 'रुग्णांची पसंती' लिहा."

पुढच्या फेरीत आईला मोठ्या अभिमानानं सांगितलं, की माझं हे बिनचमकीचं लॅकर परवानग्या मिळून बाजारात आलं की कुणाला दिसणारसुद्धा नाही.

आई भडकली. "म्हंजे चमक बाकीच्याईले अन् आमाले भुरकं? औषधातबी पंगत येगळी मांडतं का वं?"

तिनं फळीवरची डॉक्टरांची जुनी, चमकीची बाटली काढली, दोन्ही अंगठे चांगले चकचकीत रंगवले आणि वाळायच्या आत घागर घेऊन नळावर गेली.

सुरी परत नखाला लागली नाही. आता अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी तांदळाएवढं स्वच्छ नख आलंय.