नानांचं जहाज

नाना आज गेले.

आयुष्यात एकदाच त्यांनी समुद्र बघितला, तोही स्वतःच्या चुकीमुळे.

नाना माझे मोठे काका. जळगाव स्टेशनबाहेर त्यांची पांढरी अँबॅसेडर उभी असायची. अजिंठा बघायला येणारे फॉरेनर ते घेऊन जायचे. एकाने दुसऱ्याला पत्ता द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. मग कुठून कुठून पत्रं यायची, सुंदर तिकिटं लावलेली.

उत्तरं मी लिहायचे. ऐंशीच्या दशकाचा शेवट, मी कॉलेजात, आणि घरात इंग्लिश येणारी मी एकटीच. त्यामुळे भाव खायचे.

नानांची अट ठरलेली. ॲडव्हान्स नको. अजिंठा दाखवून परत स्टेशनवर सोडलं, की मग पैसे.

त्या वर्षी इंग्लंडच्या एका म्हाताऱ्या जोडप्याचं पत्र आलं. ते मोठ्या जहाजाने जग फिरत होते. जहाज मुंबईत तीन दिवस थांबणार होतं. जहाजाची स्वतःची टूर महाग आणि घाईघाईची, म्हणून त्यांना आपली वेगळी गाडी हवी होती.

बाईंनी खाली रेघ मारून लिहिलं होतं : कंपनीच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं. आम्ही आपले आपण, रेल्वेने येतोय, आमच्यासाठी थांबणार नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत आम्हाला जहाजावर असायलाच हवं.

मी नानांना वाचून दाखवलं. नाना म्हणाले, "लिही, काळजी करू नका."

मी ऐटीत लिहिलं.

ते आले. अजिंठा झाला. बाई एका चित्रासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या, की पहारेकरी खुर्ची घेऊन आला. रात्री त्यांचा मुक्काम जळगावच्या हॉटेलात, आणि सकाळी सव्वासहाची गाडी. दुपारी मुंबई. सगळं कसं सोपं.

पण नानांनी त्यांना पहाटे घरी बोलावलं. जेवायला!

आणि काकूने घातला मांड्यांचा घाट. ज्यांनी खापरावरचे मांडे होताना पाहिलेत त्यांना कळेल. पुरण भरायचं, हातावर फिरवत फिरवत उपरण्याएवढा मांडा करायचा, मग चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. त्यात घाई चालत नाही.

मी म्हटलं, "नाना, गाडी चुकेल."

"गाडी काय वेळवर येस का कधी? आपला घरमाईन पाहुना उपाशी जास का माय?"

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. ती गाडी रोज तासभर लेट असायची. अख्खं जळगाव त्या हिशोबानेच स्टेशनवर जायचं.

त्या दिवशी ती वेळेवर आली.

आम्ही प्लॅटफॉर्मवर पोचलो तेव्हा शेवटचा डबा लांब गेला होता. बाईंच्या हातात अजून अर्धा मांडा. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि ते बाकावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांची बाकीची औषधं, कपडे, सगळं जहाजावर होतं. जहाजाचं पुढचं बंदर पार अरबस्तानात.

 नानांनी बॅगा उचलल्या आणि परत डिकीत ठेवल्या.

मला म्हणाले, "बस पुढे. त्यांना सांग, मुंबई."

नाना तोवर नाशिकच्या पुढे कधी गेले नव्हते.

तो दिवस मला अजून झोपेत बघितल्यासारखा आठवतो. एरंडोल, पारोळा धुक्यात गेलं. कपाशीच्या शेतांवर कोवळं ऊन. मागे बाई साहेबांच्या खांद्यावर झोपलेल्या, साहेब मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हाताने झाकून बसलेले. धुळ्याला फक्त पेट्रोल आणि चहा. काकूने फडक्यात बांधून दिलेले मांडे मालेगावच्या अलीकडे संपले. कसारा घाट उतरताना मला वाटत होतं, आपण रस्त्यावर नाही, ढगातून खाली येतोय.  नाना दर वळणावर हॉर्न वाजवत होते.

पुढे सगळ्या मुंबईला रस्ता विचारत गेलो.

डॉकच्या गेटवर पोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती.

बाई रडायलाच लागल्या. साहेबांनी पाकीट काढलं आणि मोजायच्या भानगडीत न पडता सगळ्या नोटा पुढे केल्या. नानांनी त्यातले जळगाव-अजिंठ्याचे ठरलेले तेवढे घेतले, बाकीचे त्यांच्या खिशात कोंबले.

मी चिडले. "नाना, पेट्रोल तरी घ्या!"

"मुंबई त्यासनी कोठे बुक करेल व्हती? ती मनी चूक शे."

मी फुगून गाडीत बसले. आता परत फिरायचं, तर नाना विचारत विचारत गेटवेच्या कठड्याशी गेले. समोर समुद्र. त्यांनी पाहिला, आणि हळूच चपला काढल्या.

थोड्या वेळाने साहेबांचं पांढरं जहाज बंदरातून बाहेर आलं. दिवे लागलेलं, अलगद, आवाज न करता. मी उतरून शेजारी गेले, तोवर नानांनी हात वर केला.

"त्यांना नाही दिसत हो इतक्या लांबून."

"नही दिसो. पाहुना नजरआड व्हस तोवर दारमा उभं ऱ्हावानं."

जहाज काही कोपऱ्यावर वळत नाही. ते नुसतं लहान होत जातं. दिसेनासं व्हायला किती वेळ लागतो, तुम्हाला कल्पना नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत उभे होतो. माझा राग केव्हाच उतरला होता, पण मी तसं सांगितलं नाही. पुढेही कधी नाही. तेवढं राहून गेलं.

आज दुपारी नानांना घेऊन गेले. गल्लीच्या टोकाला सगळे वळले.

बायका आत गेल्या. कोणीतरी मला म्हणालं, "चल ना आत, दिसत नाही आता काही."

मी दारात उभी होते.

सावकाश जा, नाना. आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही.